आपली गाडी

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या ठणठणीत वडिलांना आजारी पाडलं. तेही फोनवर, एका वाक्यात, पोहे खाता खाता.

फोन मिस्त्रींचा होता. मिस्त्री म्हणजे आमची गाडी बघणारे. वारज्यात त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि तिथे रिक्षापासून टेम्पोपर्यंत काहीही दुरुस्त होतं. बाबांची गाडी माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची, कार्ब्युरेटरवाली; आता ती मीच चालवते. इतकी वर्षं तिला मिस्त्रींशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. गाडी चालवायला मला बाबांनी शिकवलं, पण क्लच कसा सोडायचा ते मिस्त्रींनी. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘अगं’ आणि ‘तू’. ऑफिसात, बँकेत, सोसायटीच्या गेटवर मी मॅडम असते; मला ‘तू’ म्हणणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. गॅरेजात शिरले की मिस्त्री मान वर न करता विचारायचे, “काय म्हणतेय आपली गाडी?” आणि निघताना हमखास ओरडायचे, “अगं, पहिल्यात टाक. दुसऱ्यात उचलू नकोस, तिचं वय झालंय.” मी चिडायचे. मनातून मला ते फार आवडायचं, पण तसं मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

त्या उन्हाळ्यात गाडीनं एक नवंच खूळ काढलं. इंजिन तापलं की सिग्नलला बंद पडायची, आणि वीसेक मिनिटं विश्रांती घेऊन मग जणू काही घडलंच नाही अशी सुरू व्हायची. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर खोलून साफ केला, कॉइल बदलली, पंप बघितला. चार दिवस बरी चालायची, की पुन्हा तेच. शेवटी कर्वे रस्त्यावर, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना, ती भर गर्दीत थांबली. मागचे हॉर्न ऐकून एकोणऐंशी वर्षांचे बाबा खाली उतरले आणि गाडी ढकलायला लागले. मला रडू आलं, आणि राग आला तो मिस्त्रींचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर मैत्रीण म्हणाली, “अगं, इतक्या जुन्या गाडीला जनरल फिजिशियन कशाला? स्पेशालिस्टला दाखव ना.” खराडीत आमच्या ऑफिसपासून जवळच फक्त जुन्या गाड्या करणारा एकजण होता. मी गाडी तिथे नेऊन लावली. गुळगुळीत फरशी, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. त्यानं बॉनेट उघडून विचारलं, “आत्तापर्यंत कोण बघत होतं?”

“आहे आमच्या इथला एक,” मी म्हटलं. “रस्त्यावरचाच आहे.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तो फोन आला. मिस्त्री म्हणाले, “अगं, गाडी आणली नाहीस या आठवड्यात? मला जरा बोलायचं होतं तिच्याबद्दल.” खरं सांगायला काय हरकत होती? गाडी माझी, मी वाटेल तिथे नेईन. पण त्यांना वाईट वाटेल म्हणून, की मला अवघड वाटेल म्हणून, कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “बाबांना बरं नाहीये हो. गाडी बाहेर काढलीच नाही.”

ते लगेच म्हणाले, “असू दे, असू दे. गाडीचं काय, नंतर बघू.”

आपल्याकडे एखाद्याला आजारी पाडलं की त्याला बघायला कुणीतरी येतंच, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. रविवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात मिस्त्री. इस्त्रीचा शर्ट, हातातल्या पिशवीत दोन शहाळी. इतक्या वर्षांत मी त्यांना ग्रीसचा डाग नसलेल्या कपड्यांत पाहिलं नव्हतं.

बाबा खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते. “या, या मिस्त्री. आज इकडे कुठे?”

“तब्येत कशी आहे, काका?”

“तब्येतीला काय धाड भरलीय? आत्ताच टेकडीवर जाऊन आलो.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. “हीच तर म्हणाली,” एवढंच त्यांनी म्हटलं असतं तरी मी उघडी पडले असते. ते म्हणाले, “असंच. या बाजूला आलो होतो.”

बाबांच्या पोटात काही राहत नाही. “गाडी खराडीला आहे बरं का. त्या जुन्या गाड्यांच्या माणसाकडे हिनं नेलीय. तुम्हाला बोललीच असेल.”

“हो, बोलली ना,” मिस्त्री म्हणाले. माझ्यासाठी ते सरळ खोटं बोलले. “माणूस चांगला आहे तो. पेट्रोलचे पाइप बघायला सांगा. हल्लीच्या पेट्रोलनं जुनं रबर आतून फुगतं, असं मला वाटतंय. माझ्याच्यानं आता होईना, त्याला दाखवू या, हेच सांगायला परवा फोन केला होता.”

शहाळी टेबलावर ठेवून, चहा न घेता ते गेले. मी जिन्यापर्यंतसुद्धा सोडायला गेले नाही, इतकी मला माझी लाज वाटत होती.

दोष पाइपातच निघाला. खराडीवाला म्हणाला, “कार्ब्युरेटरला मी हात लावलेला नाही. ज्यानं लावलाय, त्यानं छान लावलाय.” मी मान खाली घालून किल्ली घेतली आणि तिथून थेट वारज्याला गेले. वाटेत एकाही सिग्नलला गाडी बंद पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं, तिथे पोहोचायला वेळ तरी लागला असता.

मिस्त्री एका टेम्पोखाली होते. ते बाहेर आले, हात पुसले आणि त्याच फडक्याची स्वच्छ बाजू काढून माझ्यासाठी स्टूल पुसलं. एरवी मी तिथे टायरवर बसायचे.

“मिस्त्री, माझं चुकलं. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

“अहो, त्यात काय एवढं, मॅडम. बसा ना.” मग गाडीकडे पाहत म्हणाले, “आपली गाडी ठीक चाललीय ना आता?”

शब्द तोच होता. पण आधी ती ‘आपली’ म्हणजे त्यांची आणि आमची होती. आता ती फक्त माझी होती, आदरानं.

“हो, ठीक आहे,” मी म्हटलं. मग गाडीत जाऊन बसले आणि गडबडीत दुसऱ्या गिअरमध्येच उचलली. गाडी धडधडली, कुरकुरली. मिस्त्री तीन पावलांवर उभे होते. ते काही बोलले नाहीत.