कमरेएवढा खड्डा

१९७६ च्या मार्चमध्ये वरवंडजवळच्या एका वस्तीवर बालवाडीच्या बाईंना फावड्याने मारहाण झाली. डाव्या हाताची दोन हाडे आणि तीन बरगड्या मोडल्या. मी तेव्हा यवतहून पुण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. दोन ओळी छापून आल्या.

अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. पन्नाशीच्या, मिश्री लावणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या. एखादे पोर चालत नाही, बोलत नाही असे कळले की त्या दारात हजर. घरचे म्हणत, "व्हईल आपसूक." बाई म्हणत, "व्हईल की. भाकरी व्हती का आपसूक?"

एकदा मी वही काढली. "पेपरवाले, लिवू नगा, आधी हे धरा," म्हणून त्यांनी एका मुलाचे पाय माझ्या हातात दिले आणि माझ्याकडून ते दहादा वाकवून घेतले.

त्या वस्तीवर तीन वर्षांची एक मुलगी होती. उभी राहत नसे. बसली की तोल सावरण्यातच दोन्ही हात गुंतत. पुण्याच्या डॉक्टरांनी उभे करायची लाकडी चौकट सांगितली होती. ती मिळेना. मग बाईंनी बालवाडीपुढे मुलीच्या कमरेएवढा खड्डा खणला, आत गोणपाट लावले, मुलीला उभे केले आणि भोवती भुसा दाबला. हात मोकळे झाले. मुलगी चिंचोके उचलू लागली. ते पाहून आई मजुरीला गेली. आजोबांना कोणी सांगितले नव्हते.

गुप्तधनासाठी पोरे पुरतात, अशी अफवा तेव्हा गावोगाव होती. उसाला पाणी देऊन आजोबा फावडे घेऊन परतले. त्यांना नात कमरेपर्यंत जमिनीत दिसली आणि शेजारी भुसा दाबणाऱ्या बाई.

"पोरगी पुरतीस व्हय गं, सटवे?"

पहिला घाव हातावर बसला. दुसरा बसायच्या आत बाई मुलीला झाकून खड्ड्यावर आडव्या पडल्या. पुढचे सगळे घाव पाठीवर. जमलेल्यांपैकी दोघांनी दगड मारले. बाई ओरडत होत्या, "आबा, हुबी हाय वो! पोरगी हुबी हाय, बघा तरी!"

शाळेच्या शिपायाने फावडे हिसकावले, तेव्हा बाईंच्या तोंडातून रक्त येत होते. मुलीचे केस त्या रक्ताने भिजले होते. तिला खरचटलेही नव्हते.

दौंडच्या दवाखान्यात फौजदार जबाब घ्यायला आले. मी तिथे होतो. बाई म्हणाल्या, "तक्रार न्हाई. म्हाताऱ्याला हितं धाडा."

आजोबा आले, दाराशीच थांबले. बाईंनी त्यांना जवळ बसवले. खड्डा किती खोल, भुसा किती, रोज किती वेळ, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

"चुकलासा तर आता मी मारीन," म्हणाल्या.

बाईंचा हात पुन्हा वळला नाही. त्या शिरूरकडे माहेरी गेल्या. बालवाडीला कुलूप लागले.

दिवाळीनंतर मी वस्तीवर गेलो. खड्डा आता आजोबांच्या अंगणात होता. दर महिन्याला तळाशी दोन बोटे माती भरायची, असे बाईंनी सांगितले होते. खड्डा मुलीच्या पोटरीएवढा उरला होता. ती त्यात उभी होती. भुसा नव्हता.