सवतीची साक्ष

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं दुसरी बायको केली. मला मूल नव्हतं. पाचोडच्या त्या घरात मी पुढंही राहिले, शेतात राबले, सवतीची दोन बाळंतपणं केली. रडू आलं नाही. रागही आला नाही.

काही वर्षांनी धाकटा भाऊ भेटायला आला. तो शहरात कचेरीत कारकून होता.

"ताई, नवा कायदा झालाय. आधी दुसरी केली असली तरी पहिलीला फारकत मागता येते."

मी म्हणाले, "बरं." त्याच्याबरोबर निघाले, ती शहराजवळ पडेगावला त्याच्या घरी आले.

आमचे वकीलसाहेब वयस्कर, मुसलमान. त्यांची सारी हयात उर्दू कागदांत गेलेली. आता मराठी अर्ज भाऊच त्यांना लिहून द्यायचा. ते म्हणाले, "बेटी, दुसरी शादी का सबूत होना."

सबूत कुठून आणायचा? माझ्यासारखं राबणारं माणूस हातचं जाऊ नये म्हणून नवऱ्यानं कोर्टात लेखी दिलं होतं, की दुसरी बायको नाहीच, ती घरात कामाला ठेवलेली बाई आहे. लग्नाला सारं गाव जेवलं होतं. साक्षीला कुणी येईना.

तारखेच्या दिवशी सवत आली. एकटीच, पाचोडहून मोटारीनं. जज्जसाहेबांनी विचारलं, "तुमचं यांच्याशी लग्न झालंय?"

"व्हय साहेब. मारुतीच्या देवळाम्होरं. या अक्कानं सोताच्या हातानं मला चुडा भरला." मग ती नवऱ्याकडं वळली. "मी कामाची बाई, तर माझी लेकरं कुणाची?"

चुड्याचं खरं होतं. सासूनं भर म्हटलं, मी भरला होता. ती बोलत होती आणि मी तिच्या पायांकडं बघत होते. टाचांना चिखल होता. नदी ओलांडून आली असेल, एवढंच मनात आलं.

फारकत मिळाली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "अक्का, आता घरात घेतील का मला?"

"घेतील," मी म्हणाले. मला काय ठाऊक! तिचा हात धरायला हवा होता. धरला नाही. भाऊ बोलावत होता, मी त्याच्यामागं गेले. भावजयीनं दारातच विचारलं, "काय झालं?" "सुटले," म्हटलं, आणि भाकरी थापायला बसले.

नवऱ्यानं सवतीला महिनाभर माहेरी ठेवलं, मग लेकरं राहीनात म्हणून आणलं. हे मला बाजारात गावच्या एका बाईनं सांगितलं. मी पुढं सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम शिकले, तीस वर्षं केलं. एकदा पाचोडच्या बाजूची बाळंतीण आली होती. सवतीची खुशाली विचारावी असं फार वाटलं. विचारली नाही.