पत्रिकेवरची वेळ

पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरने गणपतीच्या नावावर लॉन बुक केलं. 'ग्राहकाचे नाव' या रकान्यात श्री गणेश, 'संपर्क' या रकान्यात कुलस्वामिनी आणि 'विशेष सूचना' म्हणून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' एवढी माहिती त्याने एका लग्नपत्रिकेतून चुटकीसरशी काढून दिली. नवरा-नवरीची नावं त्याला किरकोळ वाटली असावीत.

हे घडलं नांदे गावात, आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या लॉन्सच्या ऑफिसात. लॉन्स म्हणजे ज्याला छप्पर कमी आणि कमानी जास्त असं मंगल कार्यालय. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या मुलीसुद्धा. पूर्वी तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. आता हिरवळ आहे. लग्नसराईत तिच्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि एरवी अण्णा पाय ठेवू देत नाहीत.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहून निवृत्त झालो. अण्णांची धाकटी मुलगी तिथेच एका कंपनीत नोकरी करते. बुकिंगच्या ईमेल आणि पत्रिका वाचून त्यातली माहिती आपोआप तक्त्यात भरणारं सॉफ्टवेअर तिने वडिलांसाठी घेतलं, आणि ते सुरू करून द्यायला तिला वेळ नसल्यामुळे मला घेतलं.

"काका, तुम्ही मॅन्युअल लिहायचात ना? मग हे वाचून अण्णांना शिकवा."

लिहिणं आणि वाचणं यांचा आमच्या धंद्यात फारसा संबंध नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही.

पद्धत सोपी होती. नमुन्याची पत्रिका पडद्यावर उघडायची, वराच्या नावाभोवती माउसने चौकट काढायची आणि सांगायचं, बाबा रे, हा वर. अशा पाच-सहा पत्रिका दाखवल्या की पुढच्या पत्रिका ते स्वतः वाचणार, आणि आचारी, गुरुजी, बँडवाले, मांडववाले यांना तारीख-वेळेचा मेसेज धाडणार. मात्र धाडण्याआधी एकदा माणसाला विचारणार. माणूस म्हणजे अण्णा. त्यांनी तक्ता बघायचा, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि हिरवं बटण दाबायचं.

ज्याने हे सॉफ्टवेअर बनवलं त्याने बिलं आणि पावत्या पाहिल्या असतील, आपल्याकडची लग्नपत्रिका पाहिलेली नसणार. वर-वधू मधल्या पानावर, हळदीच्या कार्यक्रमाखाली, बारीक टायपात. बाकी सगळी जागा प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, प्रेमळ उपस्थिती, निमंत्रक, व्यवस्थापक आणि समस्त ग्रामस्थ यांची. एका पत्रिकेतून त्याने तालुक्यातले एक पुढारी वर म्हणून उचलले, कारण त्यांचा फोटो सर्वांत मोठा होता.

"आता ह्ये चुकलंच की," अण्णा म्हणाले.

मी पत्रिका हातात घेऊन पाहिली. सॉफ्टवेअरचं चुकलं असं माझ्याने म्हणवेना.

तरी हळूहळू ते शिकलं. देवांना ते देव म्हणायला लागलं, पुढाऱ्यांना पाहुणे. अडचण आली ती ज्या रकान्यात त्याची एकदाही चूक झाली नव्हती तिथे. मुहूर्ताची वेळ. बारा वाजून एकवीस मिनिटं छापलं असेल तर बारा एकवीस. आणि अण्णा प्रत्येक वेळी ते पुसून दोन वाजता असं लिहायचे.

"अण्णा, पत्रिकेवर तर बारा एकवीस आहे."

"आसू द्या की. कार्डावरची येळ कार्डापुरती आसती, सर. ह्यो फोटो बघा. ह्ये साहेब आल्याबिगर लगीन लागत न्हाई. ह्ये साहेब दीडच्या आत येत न्हाईत. मंग त्येंचा सत्कार. आचाऱ्याला बारा एकवीस धाडलं तर पुऱ्या कुनी खायच्या, बँडवाल्यांनी?"

"मग पत्रिकेत दोन का छापत नाहीत?"

अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मुहूर्त आसतो न्हवं त्यो!"

असं आमचं सॉफ्टवेअर मार्गी लागलं. ते खरं वाचायचं आणि अण्णा ते दुरुस्त करायचे.

त्यातच धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा जवळच्या नेरे गावचा, तोही नोकरीवाला. लॉन घरचंच. तिने दागिने, मेन्यू, कपडे कशालाच हरकत घेतली नाही, अण्णा खुशीत होते. मग तिने एकच अट घातली: लग्न पत्रिकेवरच्या वेळेला लागलं पाहिजे.

या अटीमागे तिच्या ताईचं लग्न होतं. त्या दिवशी ताई सकाळपासून उपाशी, हातात जड हार, समोर अंतरपाट धरलेला आणि साहेब 'निघालेत'. साहेब निघालेत म्हणजे आंघोळीला निघालेत, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असतं. करवली म्हणून धाकटी मागे उभी होती. शेवटी साहेब आले, निवेदकाने माइकवर त्यांची कारकीर्द सुरुवातीपासून सांगितली, आणि शाल खांद्यावर पडते न पडते तोच ताई भोवळ येऊन धाकटीच्या अंगावर कोसळली. अल्बममध्ये तो क्षण आहे. त्यात शाल स्पष्ट दिसते.

"तसं झालं ना अण्णा, तर मी हार खाली ठेवून सरळ जेवायला बसेन. पंगतीत. सगळ्यांसमोर."

"आगं, साहेबांना सांगू कसं मी? थांबत न्हाई म्हनू व्हय? लॉन चालवायचंय मला हितं."

"ते मला माहीत नाही."

ती करेल, हे अण्णांना पक्कं माहीत होतं. साहेबांना मात्र काही सांगायची त्यांची छाती नव्हती. दोन्हींच्या मध्ये अण्णा लग्नाच्या आठवड्यापर्यंत हेलपाटे घालत राहिले. पत्रिका छापली, तिच्यात नेहमीच्या जागी नेहमीचा फोटो नेहमीच्या आकारात आला. धाकटीने तो पाहिला आणि वडिलांशी बोलणं बंद केलं. माझ्याशी चालू ठेवलं, पण फक्त "अण्णांना सांगा" या शब्दांनी सुरू होणारं.

एका दुपारी अण्णांनी मला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर तिचीच पत्रिका उघडी होती. सॉफ्टवेअरने सगळं बिनचूक भरलेलं: वधू, वर, तारीख, वेळ बारा एकवीस. अण्णांनी सवयीने वेळेच्या रकान्यावर बोट नेलं आणि थांबले.

"सर, ह्ये असंच सोडलं तर काय हुतंय?"

"आचारी, गुरुजी, बँड, मांडव, सगळ्यांना बारा एकवीसचा मेसेज जाईल."

"आन मंग त्ये इचारत्याल."

"विचारतील."

"मंग मी काय सांगू?"

आयुष्यभर पुस्तिका लिहून जे सुचलं नाही ते तेव्हा सुचलं. मी म्हणालो, "सांगा, कंप्युटरने पाठवलंय."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी काय बघितलं न्हाई," असं म्हणून त्यांनी हिरवं बटण दाबलं. जरा जोरातच दाबलं.

पहिला फोन आचाऱ्याचा आला. अण्णा मोठ्याने म्हणाले, "व्हय, बारा एकवीस. कंप्युटरनी धाडलंय न्हवं? मंग तसंच." मग बँडवाल्याचा. मग गुरुजींचा, ज्यांना स्वतः काढून दिलेल्या मुहूर्ताला लग्न लागणार हे ऐकून इतका धक्का बसला होता की त्यांनी वेळ दोनदा विचारून घेतली. चौथ्या फोनपर्यंत अण्णांचा त्यावर स्वतःचाच विश्वास बसला होता.

लग्नाच्या दिवशी बाराच्या आधीच अंतरपाट धरला गेला. साहेबांच्या माणसाचा फोन आला, साहेब निघालेत. निवेदकाने अण्णांकडे पाहिलं. अण्णा फेटा सारखा करत मांडवाच्या खांबाकडे पाहत राहिले. गुरुजींनी मंगलाष्टका सुरू केल्या, बारा एकवीसला अक्षता पडल्या, बँड वाजला. हिरवळीवरची माणसं घड्याळं बघू लागली. काहींना वाटलं, ही रंगीत तालीम असावी.

साहेब आले तेव्हा पंगत जिलेबीवर आली होती. अण्णा हात जोडून पुढे धावले.

"साहेब, माफी करा. त्ये कंप्युटरनी समद्यांना येळ धाडून टाकली. मी काय करनार! यंत्राम्होरं कुनाचं चालतंय?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. शाल-श्रीफळ घेऊन ते माइकसमोर उभे राहिले आणि आपल्या तालुक्यात आता लग्नंही कंप्युटरवर लागतात, या प्रगतीबद्दल पुष्कळ वेळ बोलले. ही प्रगती मुळात त्यांच्यामुळेच झाली, हे त्यांच्या बोलण्यातून आपोआप स्पष्ट झालं.

ते बोलत असताना नवरीला मागच्या बाजूला खुर्ची दिली होती आणि ती मठ्ठा पीत होती. अण्णा स्वतः जिलेबीचं ताट घेऊन तिच्यापाशी गेले.

"येळंवर झालं न्हवं?"

"झालं," ती म्हणाली. तिने एक जिलेबी उचलली. "कंप्युटर हुशार आहे हां, अण्णा."

"तर!" अण्णा म्हणाले आणि ताट तिच्या मांडीवर ठेवून घाईने दुसरीकडे गेले. पंगत वाढायची होती, शिवाय डोळ्यांत कांदा गेला होता. त्या दिवशी कोशिंबिरीत कांदा नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात डोकावलो. पडद्यावर दुसरी एक पत्रिका होती, तोच फोटो, वेळ बारा चाळीस. अण्णा चष्मा लावून ती वेळ पुसत होते आणि दोन लिहीत होते.

"हे काय अण्णा? यंत्रापुढे कुणाचं चालत नाही म्हणालात ना?"

"ह्या लगीनघरनं आजून कुनी येळंवर लावा म्हनलं न्हाई," अण्णा मान वर न करता म्हणाले. "ह्येंची पोरगी येऊन बोलंल तवा बघू. कंप्युटर हितंच हाय."