कोवळा सांबार

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ एक काना गळून पडल्यामुळे झाला. सांबर म्हणजे जंगलातलं, शिंगांचं. सांबार म्हणजे वरणावर टाकायचा. पोंभुर्ण्यापासून बल्लारपूरपर्यंत लहान लेकरूही यात गल्लत करत नाही. मी केली. म्हणजे केली मोबाइलनं, पण मोबाइल माझा होता.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी माय गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. धानाची शेती बाबांची, पण घरामागची भाजीची बाडी आणि कोंबड्या मायच्या. दर रविवारी ती बल्लारपूरच्या कामगार वसाहतीत भाजी आणि अंडी विकायची. मी नुसता गाडी चालवणारा. ती मागे बसायची, मांडीवर अंड्यांची टोपली, आणि रस्ताभर मला खड्डे दाखवायची, जसे काही मला दिसतच नव्हते.

ती गेल्यावर मी रडलो नाही. यात फुशारकी काही नाही, रडू आलंच नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही. तसं माझं सगळं अंग झालं होतं. पावसाळाभर मी तसाच दोडकी तोडत होतो, काकड्या धूत होतो. कोणी काही विचारलं तर तेवढंच उत्तर द्यायचं, हाक मारली तर वळायचं.

पहिल्याच रविवारी मी अंडी खाली कोंड्यात आणि काकड्या वर ठेवल्या. वसाहतीत पोचेपर्यंत कोंड्यात कालवलेलं ऑम्लेट तयार झालं होतं. एक बाई टोपलीत डोकावून म्हणाली, "भाऊ, तुमची माय अंडी वर ठेवत होती." मी म्हणालो, "ताजीच फुटली हायेत." तिनं पुढच्या रविवारी दार उघडलं नाही.

भादव्यात कोंबड्यांची पिसं झडायला लागली आणि अंडी बंद झाली. मला वाटलं, रोग आला. मी औषधाची पुडी आणून पाण्यात कालवत बसलो, तर बायको म्हणाली, "बिमार नाई त्या. कपडे बदलून राह्यल्या. दरवर्षीच बदलते." लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, कोंबड्यांसोबत तर जन्म गेला, पण मी त्यांना कधी कपडे बदलताना पाहिलं नव्हतं. पाहायचंही नसतं म्हणा.

अंडी नाहीत, भाजी दबलेली, गिऱ्हाइकं एकेक करून गळत गेली. दिवाळीनंतर एकदा जेवताना बाबा म्हणाले, "हा धंदा तिचा व्हता. तुमच्यानं नाई होत. संक्रांतीपर्यंत पाहू. नाई तं कोंबड्या देऊन टाकू, बाडीत बी धानच लावू."

बायकोचा घास हातातच राहिला. ती वैनगंगेकाठच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. सासरी आल्यावर मायनं तिच्या हवाली पहिली गोष्ट केली ती खुराड्याची. भांडी घासताना तिनं मला धरलं. बाबांना ती मामाजी म्हणते. "मामाजी बोलले तं बोलले. तुमी काऊन गप हाव?"

"मले काय. राह्यल्या तं राह्यल्या, गेल्या तं गेल्या."

"मले पाह्यजे त्या. आयकून राह्यले ना? मले पाह्यजे."

मी ऐकलं. खरंच ऐकलं. पण ते आत कुठे पोचलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

थंडीत मात्र सांबार असा आला की वाफे दिसेनात. कोंबड्याही पुन्हा अंड्यावर आल्या. संक्रांतीआधीचा शेवटचा रविवार उद्यावर आला होता. बाबांनी सोमवारी कोंबडीवाल्या व्यापाऱ्याला बोलावूनही ठेवलं होतं. बायकोनं दिवसभर जुड्या बांधल्या आणि म्हणाली, "वसाहतीतल्या बायांच्या ग्रुपवर सांगून तरी ठेवा." माझी बोटं चिखलानं भरलेली. मी मोबाइलसमोर नुसता बोललो आणि त्यानं लिहून पाठवलं. माझं झाडीपट्टीतलं बोलणं त्यानं आपल्या मनानं शुद्ध केलं. ते असं:

"उद्या कोवळा सांबर आणतो. आजच कापला. दोन पोती आहेत. कुत्र्यानं थोडा तुडवला, बाकी चांगला आहे. जास्त लोकांना सांगू नका, पुरणार नाही."

ग्रुपातल्या इकडच्या बायांनी सरळ कोथिंबीरच वाचली. पण एक बाई साताऱ्याकडून नवीनच राहायला आली होती. तिनं जे लिहिलंय ते वाचलं, नवऱ्याला दाखवलं, आणि नवऱ्यानं योग्य त्या ठिकाणी कळवलं. चूक त्यांची नाहीच. मी तो निरोप वाचला असता तर मीही कळवलं असतं.

सकाळी गाडीला पोती बांधणार तोच अंगणात जीप येऊन थांबली. जंगलखात्याचे साहेब, दोन माणसं, आणि आमच्याकडूनच अंडी नेणारा गार्ड. गार्ड माझ्याकडे पाहीना.

"दोन पोती कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हे काय."

मी रात्री पाणी शिंपडलं होतं, ते पोत्यांतून ठिबकत होतं. साहेबांनी त्या थेंबांकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच वाटलं, असेल बुवा, काय सांगावं.

"उघड."

उघडलं. हिरवंगार.

"ही कोथिंबीर आहे."

"हो साहेब. सांबार."

"सांबर कुठे आहे?"

"हाच."

"कापला कोणी?"

"मीच. बायकोनं जुड्या बांधल्या."

गार्ड मध्ये पडला, "साहेब, आमच्या इकडं ह्याले..."

"तुम्ही थांबा. तो कबूल करतोय." साहेबांनी खुराड्याकडे बोट दाखवलं. "तिथे काय आहे? बघा रे."

माणसं निघाली, आणि माझी बायको खुराड्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जोडे घालून येऊ नका. बसली हाय."

"कोण बसलंय?"

"कोंबडी. अंड्यावर. दचकली तं उठन, मंग अंडे थंडे पडतीन."

"बाई, सरकारी काम आहे."

"असन ना. कोन नाई म्हणते? एकानंच जा, जोडे काढा, वाका, अन् बोलू नका."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. शेकोटीपाशी बसलेले बाबा विडी विझल्याचं विसरून तिकडेच पाहत होते. शेवटी साहेबांनी बूट काढले आणि ओणवे होऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा मोज्याला कोंबड्यांचा अभिप्राय लागला होता. पण बसलेली कोंबडी उठली नव्हती.

मग गार्डानं त्यांना काना समजावला. साहेबांनी निरोप पुन्हा मोठ्यानं वाचला. 'कुत्र्यानं थोडा तुडवला' इथे आल्यावर गार्ड घाईघाईनं गोठ्यामागे गेला, तो बऱ्याच वेळानं डोळे पुसत आला. साहेब मला म्हणाले, "पाठवण्याआधी वाचत जा." जाताना एक जुडी घेऊन गेले. पुरावा म्हणून की वरणासाठी, ते मी विचारलं नाही.

वसाहतीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि बातमी माझ्याआधीच पोचली होती. "आला, आला शिकारी!" एका गॅलरीतून आवाज आला. दुसरीनं विचारलं, "शिंगं कुठी ठेवले, भाऊ?" साताऱ्याची बाई खाली उतरून आली, चुकलं हो म्हणाली आणि तीन जुड्या घेतल्या. अंडी बरीच गेली. पण भाजी बाकीच्यांनी केव्हाच दुसऱ्याकडून घेतली होती. दीड पोतं परत बांधून निघालो. हसू यायची सगळी सामग्री त्या दिवसात होती. आलं नाही.

सोमवारी व्यापारी जाळीचे पिंजरे घेऊन आला. बायको खुराड्याच्या पायरीवर बसली होती, दाणे निवडल्यासारखं करत. निवडण्यासारखं सुपात काही नव्हतं.

"सर्वच देऊन राह्यले ना, काका?" व्यापाऱ्यानं बाबांना विचारलं.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग ते म्हणाले, "मले नोको इचारू. तिले इचार. तिच्या खुराड्यात साहेब बी जोडे काढून जाते."

व्यापारी तिच्याकडे वळला. तिनं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला.

"दोन कोंबडे न्या," ती म्हणाली. "उगाच भांडते ते. कोंबड्या नाई."

"काकानं सर्व सांगतले व्हते, बाई. डिझेल जाळून आलो मी."

"मंग चहा घेऊन जा."

कोंबडे मी पकडून दिले. व्यापारी कुरकुरत चहा पिऊन गेला. बाबा काठी घेऊन धानाच्या बांधीकडे निघाले, नेहमीसारखे, मागे न पाहता.

मी अंगणातच उभा होतो. आता आनंद व्हायला पाहिजे, हे मला कळत होतं. तिला झाला होता. पाठमोरी होती तरी खांद्यांवरून दिसत होतं. मी जरा वेळ वाट पाहिली.

"उभे काऊन हाव?" ती घरात जाता जाता ओरडली. "वांगे सुकून राह्यले."

मी फावडं घेतलं आणि वाफ्यांना पाणी सोडायला गेलो.