बोळाची साक्ष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नुसत्या माझ्या खोकल्यावरून आज किती विड्या झाल्या ते ओळखणारी बाई आहे ती, पण हे तिलाही कधी कळलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. दोन-तीनदा निघता निघता परत गिळलंय.

आधी माझ्याबद्दल सांगतो. अठरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आलो. पण आमच्या सातारा भागात रिटायर होऊन आलेला प्रत्येक जण ‘मेजर’ असतो. शिपाई असो की सुभेदार, गावाला काही फरक पडत नाही. पहिले काही दिवस मी लोकांना समजावलं, की बाबांनो, मेजर वेगळा असतो. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर — आवडायला लागलं. मेजर म्हटलं की पारावर लोक सरकून जागा द्यायचे. भांडणात शेवटचं मला विचारायचे. फौजी माणूस खोटं बोलत नाही, अशी एक समजूत आहे आमच्याकडे. ती कुणी पसरवली ठाऊक नाही. मी तरी ती कधी खोडून काढली नाही.

परत आल्यावर मी एक जुनी जीप घेतली आणि गाव ते फलटण वडापचा, म्हणजे सीटं भरून माणसं न्यायचा धंदा सुरू केला. नव्वद सालानंतरचे दिवस ते. गावात एकाएकी चाकं आली. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाच्या दोन ट्रॉल्या, कुणाची फटफटी. आणि रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचे. ग्रामपंचायतीच्या बैठकीत पूर्वी पाण्याचे, शाळेच्या पत्र्यांचे विषय निघायचे. आता सगळा वेळ कुणाची ट्रॉली देवळापुढं उभी असते आणि कुणाची म्हैस रस्त्यात बांधलेली असते यातच जायचा. एकदा तर दोन सदस्य एका फटफटीच्या भांडणात एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. मी मधे पडून सोडवलं — मेजर ना!

माझी जीप माझ्याच दारात, रस्त्यावर उभी असायची. उसाचा हंगाम सुरू झाला की भरलेल्या ट्रॉल्यांना वळता यायचं नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे, मी जेवणावरून उठून गाडी हलवायचो. शेवटी पंचायतीनं मला नोटीस दिली, रस्त्यातली गाडी हलवा म्हणून. मला नोटीस! लय लागलं ते मला. आता हसू येतं, पण तेव्हा वाटलं होतं की भर गावात कुणीतरी माझी टोपी उडवली.

आता गाडी लावायची कुठं? आमच्या घराला लागून एक बोळ होता. जीप जेमतेम मावेल एवढा. जीप लावली की माणसाला कडेनं जायला जागा उरणार नाही, एवढा. कागदावर तो आमचाच. पण त्या बोळातून मागच्या घराची जा-ये होती. ते मागचं घर गणपाचं.

गणपा माझ्याच वयाचा. आम्ही एकाच दिवशी शाळेत बसलो आणि एकाच दिवशी पळून आलो. मी फौजेत गेलो, तो राहिला. दोन बिघे रान, एक बैल, हौसा नावाची बडबडी बायको. मी सुटीवर आलो की हौसा त्याच बोळातून भाकरी घेऊन यायची, आणि ‘फौजेत काय खायाला घालत न्हाईत का’ म्हणून मला छळायची.

मी जीप बोळात लावली त्या दिवशी गणपा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मेजर, बायकांना पाण्याला जायचं असतं, नळ रस्त्यावर आहे. मी म्हटलं, बघतो. आठवडाभर बघत राहिलो. मग त्यानं पंचायतीत अर्ज दिला.

आता इथं मला जरा थांबावं लागतंय. कारण मी तुम्हाला बोळ आमचा होता असं सांगितलं, आणि ते कागदाला धरून खरंही आहे. पंचायतीतही मी तेवढंच सांगितलं होतं. माणूस किती खरं बोलून खोटं बोलू शकतो, नाही?

बाकीचं असं आहे. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना माझ्या वडिलांना, आबांना, घरामागं एक खोली काढायची होती. आमची जागा संपलेली. मागं गणपाच्या वडिलांचं परडं. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. गणपाच्या घरचे तेव्हा ओढ्याकडून लांबचा वळसा घालून रस्त्याला यायचे. तात्यांनी परड्यातली खोलीपुरती जागा आबांना दिली, आणि आबांनी त्यांना बोळातून कायमची वाट दिली. नारळ फोडला. कुणीतरी म्हणालं, कागद करून ठेवा. तात्या हसले आणि आम्हा दोघांकडं बोट दाखवून म्हणाले, “कागद कशाला? ही दोन पोरं हायती की. ती सांगतील.” आम्हाला गूळखोबरं मिळालं. गणपाच्या वाटणीचंही मीच खाल्लं.

पुढं गावठाणाची मोजणी झाली. खोली आमच्या घरात मोजली गेली आणि बोळही आमच्याच नावावर राहिला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वाट चालू होती ना. आबा गेले, तात्या गेले, नारळ फोडताना हजर असलेली माणसं एकेक करून गेली. उरलो आम्ही दोन कागद.

पंचायतीची माणसं जागा बघायला आली तो बाजारचा दिवस होता, सकाळची वेळ. सरपंच आण्णा, ग्रामसेवक भाऊसाहेब, चार सदस्य, आणि बाजाराला निघालेलं अर्धं गाव. भाऊसाहेबांनी टेप लावून बोळ मोजला. उतारा वाचला. म्हणाले, मिळकत मेजरांची आहे, पण वहिवाट हक्काची की मेहेरबानीची, ते कुणीतरी सांगायला पाहिजे. गणपानं खोलीची आणि नारळाची हकीकत सांगितली. आण्णांनी विचारलं, साक्षीदार कोण?

आमच्याकडं एक रीत आहे. तंटा मिटेना की एक बाजू म्हणते, सोडतो समोरच्याच्या शब्दावर. त्यानं देवाचा भंडारा हातात घ्यावा आणि सांगावं. तो म्हणेल ते कबूल. असं म्हटल्यावर मागं फिरायचं नसतं. पुढं मामलेदाराकडं जायचं नसतं. बहुतेक लोक ही वेळ येऊ देत नाहीत, कारण ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यावर एवढा भरवसा कोण ठेवणार?

गणपानं ठेवला. म्हणाला, “मला दुसरा साक्षीदार नगो. हा मेजर तवा माज्या शेजारीच हुभा हुता. त्यो म्हनंल त्ये मला कबूल हाय.”

देवळातून भंडाऱ्याचं ताट आणलं. आण्णा म्हणाले, मेजरांना कशाला शपथ? आणि गणपाच पुढं झाला, त्यानंच ताट बाजूला केलं. म्हणाला, “फौजी मानूस हाय त्यो. नुस्तं सांगू द्या.”

मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो, की भंडारा हातात असता तर मी तसं बोललो नसतो. तुम्हाला खरं सांगू का? बोललो असतो. नोटीस आल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं — गावानं एकदा मला रस्त्यातून हटवलं, आता घरच्या बोळातूनही हटवणार? साऱ्या गावासमोर जीप मागं घ्यायची, आणि लोकांनी म्हणायचं, मेजर हरले. एका जीपसाठी म्हणावं तर तेही नाही. जीप मी ओढ्याजवळच्या माळावर लावू शकत होतो. तेवढं चालत यायला काय झालं असतं?

मी म्हणालो, “असं काही ठरलं नव्हतं. आबांनी मेहेरबानीनं जाऊ दिलं.”

बस. एवढंच. भाऊसाहेबांनी ते लिहिलं. गणपा माझ्याकडं बघत होता. रागानं नाही, हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो. एखादी वस्तू ठेवलेल्या जागी सापडली नाही की माणूस बघतो, तसा. मग मान हलवून म्हणाला, “कबूल.” आणि कागदावर अंगठ्याशेजारचं बोट टेकवायला निघाला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याचा अंगठा धरून उठवला. सही येत होती त्याला. त्या दिवशी जमली नाही.

गावात बोलणं झालं, की गणपानं वाट लाटण्यासाठी कहाणी रचली. पारावर लोक त्याची चेष्टा करायचे. कुणी काही सांगायला लागला की दुसरा विचारायचा, ही गणपाची साक्ष तर नव्हे? मीही तिथं असायचो. मी हसलो नाही कधी. पण ‘गप बसा’ असंही म्हणालो नाही. हौसा ओढ्याकडून वळसा घालून डोक्यावर हंडा आणायची. माझ्या दारावरून जाताना पदर सारखा करायची, पण पूर्वीसारखी छळायला थांबायची नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. आतापर्यंत सांगितलं ते मी एक-दोनदा कुणाला तरी सांगायच्या बेतात आलो होतो. ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पुढं आहे.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. फलटणहून येताना गणपा माझ्या जीपमध्ये होता. जीप एरवी माणसांनी भरलेली असायची, पण त्या दुपारी बाकीचे वाटेतच उतरले, आम्ही दोघंच राहिलो. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला नव्हता, हे सांगायचं राहिलं. ‘काय मेजर’ म्हणायचा, तंबाखू मागायचा. त्यानं शब्द पाळला होता आणि विषय संपवला होता. मला वाटलं होतं तो मनात मला शिव्या देत असणार. मला तसं वाटायला हवंच होतं. पण तो बाहेरच्या उसाकडं बघत हळूच म्हणाला, “मेजर, तू खोटं बोलायचा न्हाईस, ह्ये मला ठावं हाय. मग त्यो नारळ मी सपनात बघितला व्हय रं? का बा माजा उगं सांगत हुता मला?”

समजलं का तुम्हाला? त्यानं माझ्यावर संशय घेतलाच नव्हता. वर्षभर तो स्वतःच्या डोक्यावर संशय घेत होता. मेलेल्या बापावर घेत होता. मी खोटं बोललो एवढी साधी गोष्ट त्याच्या मनाला शिवलीच नव्हती.

गाडीत कुणी नव्हतं. पंचायत नव्हती, गाव नव्हतं, हरायला-जिंकायला काही नव्हतं. मी गाडी बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. त्यानं दोन कानाखाली दिल्या असत्या, किंवा हसलाही असता. गणपाचं काही सांगता येत नव्हतं.

मी म्हणालो, “असंल गड्या. ल्हान होतो आपण.”

तो म्हणाला, “व्हय, तसंच असंल.” आणि मग घरी येईपर्यंत उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिला. मीही बोललो.

गणपा दोन वर्षांनी गेला, भाद्रपदात. कावीळ झाली आणि आठवड्यात आटोपलं. सकाळी तिरडी बांधून झाली. स्मशान रस्त्याच्या पलीकडं. बोळातून काढली तर चार पावलांत रस्ता. ओढ्याला पाणी होतं. बोळात माझी जीप. लोक माझ्याकडं बघायला लागले. मी किल्ली आणायला धावलो. धावताना मला — हे लिहायलाही लाज वाटते — बरं वाटत होतं. वाटलं, आता एवढी तरी वाट मोकळी करून देतो.

गाडी सुरू केली, तेवढ्यात हौसा दारात आली. बायका तिला आत ओढत होत्या. ती रडत नव्हती.

“गाडी ऱ्हाऊ द्या मेजर,” ती म्हणाली. “त्या वाटंवर आमचा हक्क न्हाई, असं त्यांनी पंचात कबूल केलंय. मेल्याव शबूद मोडाय लावू नगा त्यास्नी. वड्यानं न्या.”

मी जीप बंद केली. ओढ्यानंच नेला त्याला. पाणी मांडीला लागत होतं, दगड निसटत होते. पुढचा डावा खांदा माझा होता. गाव म्हणालं, मेजरनं मैत्री निभावली.

पुढं जीप मोडीत गेली. बोळ गेली कित्येक वर्षं रिकामा आहे. मी हौसाला एकदा म्हटलं, आता ये-जा करत जा इथनं. ती म्हणाली, नको, सवय झालीय. ती अजून आहे, मागच्याच घरात. नातवंडांना आजोबांबद्दल सांगते, तेव्हा म्हणते की माणूस चांगला होता, फक्त त्या वाटेच्या बाबतीत त्याला भ्रम झाला होता. तिचा आवाज मला इथं स्पष्ट ऐकू येतो. कारण मी हे ज्या खोलीत बसून लिहितोय ती तात्यांच्या परड्यात बांधलेली आहे.

त्याला भ्रम झालेला नव्हता. नारळ फुटला होता, तात्यांनी जागा दिली होती, आबांनी वाट दिली होती, कायमची. मी तिथं उभा होतो. मला सगळं आठवत होतं.