विजूताई ज्या शब्दाची वाट बघत होती

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही कराडच्या घरी चहा पीत होतो. बेंगळुरूहून तिचा विद्यार्थी बोलत होता. झोपेतच गेली म्हणाला... वडिलांनी कप खाली ठेवला. "लय लवकर गेली रं पोर," एवढंच म्हणाले. आईची वाचा तर आधीच गेलेली.

विजूताई माझी मामेबहीण, तासगावची. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या भागात नेमका काय फरक, यावर संशोधन करण्यात तिनं उभी हयात घालवली. सुट्टीला आली की कुणाची सुटका नसे. हेडफोन लावायची, एका कानात एक शब्द, दुसऱ्यात त्याच वेळी दुसरा, आणि विचारायची, काय ऐकलंस? बहुतेकांना उजव्या कानातला शब्द आधी कळतो, कारण बोलणं सांभाळणारी डावी बाजू त्या कानाचं जास्त ऐकते, असं सांगायची. वडिलांनी दोन्ही शब्द चुकवले आणि वर तिलाच ऐकवलं, "तोफखान्यात व्हतो मी. दोन्ही कान सरकारजमा हायेत." ताई इतकी हसली की प्रयोग तिथंच संपला.

मग आईला डाव्या मेंदूचा झटका आला. लुळा पडलेला हात सुधारला, शब्द काही परत येईनात. आई पुन्हा बोलेल का, या एकाच विचारानं माझं कशात लक्ष लागेना. ताई धावत आली. चमचा दाखवला, पाणी दाखवलं, काही नाही. शेवटी विचारलं, "आत्या, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?" आईनं मान फिरवली. ताईनं कागदावर फुली मारली आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. "मीपण काय खुळी बघ. असं विचारल्यावर आत्या कशाला नाव सांगेल? बाहेर राहून अक्कल तिकडंच ठेवून आले मी." मग उठून दार अडवून उभी राहिली. "आत्या, नाव घे. त्याबिगर आत सोडायची न्हाई."

आणि आई बोलली. लग्नात उंबऱ्यावर घेतलेला उखाणा, एक अक्षर न चुकता:

"कराडच्या संगमावर दोन नद्यांची भेट,
शंकररावांचं नाव घेते, आत येऊ द्या थेट."

शंकरराव लाजून गोठ्याकडे निघून गेले. मी तर ढसाढसा रडलो.

ताईनं मला हुरळू दिलं नाही. "हे पाठ असलेलं आहे. तालावरचं, पाठ असलेलं बोलायला उजवी बाजू मदत करत असावी. त्यात आत्या मनानं एक शब्द घालेल, तेव्हा खरं. त्या दिवशी मला लगेच फोन कर."

तेव्हापासून आईला रोज दारात अडवायचं ठरलं. "माझं नाव घासून झिजवाय लागलाय," वडील कुरकुरायचे, पण दारात पहिले तेच उभे. दर रविवारी ताईचा फोन. "घातला का शब्द?" नाही म्हटलं की म्हणायची, "घालेल रे. आत्या लय हट्टी आहे." तिच्या आवाजातली ती खात्रीच मला पुढचा आठवडा पुरायची.

परवा, ताईला जाऊन महिना होत आला असताना, वडील नेहमीसारखे दार अडवून उभे राहिले. आईनं सुरुवात केली, दोन नद्यांपाशी थांबली...

"विजूचं नाव घेते, आत येऊ द्या थेट."

"चुकलीस व्हय गं?" वडिलांनी हळूच विचारलं.

आईनं ठामपणे नाही म्हणून मान हलवली. "विजू," ती म्हणाली. नुसतं तेवढंच, तालाशिवाय.

वडील दारातून बाजूला झाले. मी फोन काढून ताईचा नंबर लावलासुद्धा होता.