डांबरावरची अक्षरं

सासूबाईंना पहिल्यांदा भेटले, तेव्हा मी अगदी साधा प्रश्न विचारला होता. "तुम्ही आर्मेनियातल्या कुठल्या गावच्या?"

त्यांचा मुलगा, म्हणजे आताचा माझा नवरा, तेव्हा इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा. त्याने जेवणाच्या टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, पण तोवर प्रश्न विचारून झाला होता.

"मी आर्मेनिया पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या, आणि तेही चक्क हिंदीत. "माझा जन्म कलकत्त्याचा. माझ्या आईचा तिथलाच, तिच्या आईचाही."

"मग तुम्ही भारतीयच की!" मी पुण्याची, मला केवढा आनंद झाला.

"नाही. आर्मेनियन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटात द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेला आणखी एक डोलमा वाढला.

त्या 'नाही'त राग नव्हता. पण पुढे काही बोलायची सोयही नव्हती. एकोणिसाव्या वर्षी त्या इंग्लंडला आल्या, लायब्ररीत नोकरी केली, एका आर्मेनियन शिंप्याशी लग्न केलं, तरुणपणीच विधवा झाल्या. आणि गेली तीसेक वर्षं दर शनिवारी, एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये, त्या मुलांना आर्मेनियन शिकवत होत्या. आजारपण सोडलं तर एकही शनिवार चुकला नव्हता. नवरा त्याच वर्गात शिकला होता. त्याला सगळं समजायचं, पण आई आर्मेनियनमध्ये बोलली की हा उत्तर इंग्लिशमध्ये द्यायचा.

आम्ही लंडनमध्ये हॅरोला घर घेतलं. मुलगी झाली. ती पाच वर्षांची झाल्यावर पहिल्याच शनिवारी सासूबाई मेट्रोपॉलिटन लाइनने दोन स्टेशनं पार करून तिला न्यायला दारात हजर. मला विचारलंसुद्धा नाही.

मला ते खुपायचं, हे कबूल करायला हवं. सात वर्षांची होईपर्यंत मुलीला आर्मेनियनची सगळी अडतीस अक्षरं यायला लागली आणि माझ्याशी मात्र ती बोलायची, "आई, माझा शाळा आज छान होता." एका शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा मुलांचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, आज नको वर्ग. सासूबाई कोट न काढता स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"ती अर्धी मराठीसुद्धा आहे," मी म्हणाले.

"अर्धी? मुलगी म्हणजे काय पाव आहे, मधून कापून वाटून घ्यायला? ती पूर्ण आर्मेनियन आहे. तुला हवी असेल तर पूर्ण मराठीही होईल. पण त्याला मेहनत लागते. मी माझी करते आहे. तू करतेस?"

दिवसभर मीटिंगा करून घरी आल्यावर मी मुलीशी इंग्लिशच बोलायचे. ते सोपं पडायचं. मुलगी त्या दिवशी वर्गाला गेली आणि मी संध्याकाळपर्यंत कपाटं आवरत धुमसत राहिले.

त्याच हिवाळ्यात हॉलचा ईमेल आला. तिथे नवा मॅनेजर आला होता. भाषा अतिशय गोड. वर्गात आता जेमतेम सहा मुलं उरली आहेत, तेव्हा हॉलची शनिवार सकाळ दुसऱ्या उपक्रमाला देण्यात येत आहे, आपण 'तत्सम एखाद्या समुदायाच्या' वर्गात सामील होण्याचा विचार करावा. सासूबाईंनी तो प्रिंट करून आणला आणि त्या 'तत्सम' शब्दाखाली पेनाने दोनदा रेघ ओढली.

"तत्सम म्हणजे कोण?" त्यांनी आम्हा दोघांना विचारलं. "आमच्यासारखं दुसरं कोण आहे?"

"आई, आता पुरे," नवरा म्हणाला. "तू शहात्तर वर्षांची आहेस. सहा मुलं. ऑनलाइन घे, नाहीतर लंडनच्या त्या टोकाला मोठी शाळा आहे, तिथे पाठवू."

"सहाच आहेत म्हणूनच नाही थांबायचं," त्या म्हणाल्या. "साठ असती तर मी एव्हाना घरी बसून टीव्ही पाहिला असता."

पुढच्या शनिवारी मीच मुलीला गाडीतून घेऊन गेले. मनात म्हटलं, आज दार बंद दिसेल, दहा मिनिटांत परत येऊ. दार बंदच होतं. सासूबाई मात्र कार पार्कमध्ये उभ्या होत्या. डोक्याला लोकरीचा स्कार्फ, हातात खडूंची पिशवी. हवा कोरडी, पण हाडं गोठवणारी थंडी. सहाही मुलं आली होती. सासूबाईंनी त्यांना भिंतीलगतच्या रिकाम्या जागेत अंतरा-अंतरावर उकिडवं बसवलं आणि डांबरावर अक्षरं काढायला लावली. मी हीटर लावून गाडीतच बसून राहिले.

दहा मिनिटांनी मॅनेजर बाहेर आला. मी काच खाली केली.

"मॅडम, इथे असं करता येणार नाही," तो म्हणाला. "सुरक्षेचा प्रश्न आहे."

"गाड्या त्या बाजूला आहेत, मुलं या बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी या दोन्हींच्या मधे उभी आहे."

"हा हट्ट कशासाठी, खरंच कळत नाही मला. इतक्या थोड्या मुलांसाठी?"

तेव्हा त्या त्याला सांगायला लागल्या. आवाज चढवला नाही. त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी, १९१५ साली तेव्हाच्या तुर्की राज्यात आठ वर्षांची असताना गावातल्या सगळ्यांबरोबर घरातून हाकलली गेली होती. सीरियाच्या वाळवंटापर्यंत चालत. बरोबरची बहुतेक माणसं वाटेत मारली गेली, नाहीतर उपाशी मेली. जी थोडी पोरं उरली, त्यांना एक बाई वाळूत बोटाने अक्षरं काढून शिकवायची. वारा आला की पुसली जायची. मग परत काढायची.

"तिथे हॉल नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे निदान डांबर आहे."

माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त ही सकाळ नीट पार पाडायची होती. मग त्याने गाडीत मला पाहिलं आणि सुटका झाल्यासारखा माझ्याकडे आला.

"तुम्ही त्यांना जरा समजावाल का? त्यांना कळलेलं दिसत नाही."

हा सूर माझ्या ओळखीचा होता. ऑफिसात, शाळेत, डॉक्टरांच्या खोलीत मी तो ऐकला होता. आपल्यातल्याच एकाला शहाणं ठरवायचं आणि दुसऱ्याला आवरायला सांगायचं. इतकी वर्षं मी ते शहाणपण हसून स्वीकारत आले होते.

"त्यांना कळलंय," मी म्हणाले. "तुम्हाला कळलेलं नाही."

"तुम्ही आर्मेनियन आहात का?"

"नाही. पण माझी मुलगी आहे."

मी गाडीतून उतरले आणि मुलीशेजारी जाऊन डांबरावर बसले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून एक खडू काढून दिला. मी मुलीचं पहिलं अक्षर बघून तसंच काढलं.

"आई, उलटं आहे," मुलगी मराठीत म्हणाली.

"पुन्हा काढ," सासूबाई म्हणाल्या. जराही दयामाया नाही. चौथ्यांदा ते त्यांना पसंत पडलं. मॅनेजर आत निघून गेला.

असे चार शनिवार गेले. एकदा पाऊस आला, तेव्हा आम्ही सगळे माझ्या गाडीत आणि एका मुलाच्या वडिलांच्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसलो आणि मुलांनी वाफ धरलेल्या काचांवर अक्षरं काढली. पण हे असं कायम चालणार नव्हतं. मी जागा शोधायला लागले. कौन्सिलला फोन केले, शाळांना ईमेल पाठवले. सगळीकडे तोच पहिला प्रश्न, मुलं किती?

शेवटी हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती नागपूरची, इथे हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. तिच्या मंडळींनी एक बंद पडलेलं दुकान घेऊन वरच्या मजल्यावर बुद्धविहार केला आहे.

"अगं, मग आधी का नाही बोललीस? शनिवार सकाळ रिकामीच असते. चावी घेऊन जा."

"तुमच्या कमिटीला विचारायला नको?"

"विचारते. पण काय म्हणतील ते मला आत्ताच माहीत आहे. एवढं सोसूनसुद्धा जी माणसं खाली मान घालून गप्प बसली नाहीत, त्यांना आम्ही नाही म्हणू होय?"

कमिटी हो म्हणाली. पहिल्या दिवशी एका मुलाची आई जिन्यातच घुटमळली. आपण ख्रिश्चन, इथे चालेल का, असं तिने हळूच विचारलं. सासूबाईंनी बूट काढून रॅकवर ठेवले, छातीवर क्रूसाची खूण केली, मग बुद्धाच्या मूर्तीला कलकत्त्याच्या सवयीने हात जोडले आणि फळ्याकडे वळल्या. चालतं की नाही, ते सगळ्यांना कळलं. मैत्रीण मागे उभी होती. वर्ग संपल्यावर तिने सगळ्यांना चहा दिला आणि सासूबाईंशी नागपुरी हिंदीत गप्पा मारत बसली. दोघींची हिंदी एकमेकींना निम्मीच कळत असावी, पण एक तास झाला तरी कुणी उठेना.

वसंतात एका शनिवारी नवरा आम्हाला सोडायला आला होता आणि पार्किंग मिळालं म्हणून वर आला. मुलं पाळीपाळीने धडा वाचत होती. सासूबाईंनी पुस्तक त्याच्यासमोर धरलं. "वाच." चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मुलांच्या बुटक्या खुर्चीत अवघडून बसला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागला. तीन ओळींना पाच मिनिटं लागली. आमची मुलगी त्याला शब्द सांगत होती. पुढच्या आठवड्यात आईच्या फोनला त्याने आर्मेनियनमध्ये उत्तर दिलं. चुकत, अडखळत, पण आर्मेनियनमध्ये.

मुलीला मराठी शिकवण्याचं म्हणाल तर ते अजून धडपणे जमलेलं नाही. गाडीत बसलं की फक्त मराठी, असा मी नियम केला आहे. मुलगी कधीकधी फुगून संपूर्ण रस्ता एक शब्द बोलत नाही. मी बोलत राहते. दुकानं, सिग्नल, ढग, जे दिसेल त्यावर. लिंगाची चूक झाली की मी सासूबाईंसारखीच म्हणते, पुन्हा. मग ती चिडते. चिडते मात्र मराठीत.

सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. गुडघा दुखतो, जिना चढायला वेळ लागतो, पण कुणी हात धरलेला चालत नाही. वर्गात अकरा मुलं आहेत. मागच्या महिन्यात त्यांना नॉटिंगहॅमहून एका बाईचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. बाई आर्मेनियन, नवरा इंग्लिश, दोन मुलं. एवढ्या लांबून दर पंधरा दिवसांनी यायचं, तर त्याला काही अर्थ आहे का, असं ती विचारत होती. तुमच्याकडे मुलं किती, हेही तिने विचारलं.

"तुझी दोन धरून तेरा," सासूबाई म्हणाल्या आणि तिला विहाराचा पत्ता सांगायला लागल्या.